राजाकडे हिशेब कोणी मागावा?
(धार व देवास येथील लोकशाहीची वाटचाल)

देवासची टेकडी चढून चामुंडादेवीच्या देवळापाशी उभे राहिले म्हणजे खाली एकच शहर पसरलेले दिसते. १९४८ पूर्वी मात्र हे एक शहर नव्हते. दोन राज्यांच्या दोन राजधान्या तेथे एकमेकींना खेटून वसल्या होत्या. थोरल्या पातीचा राजवाडा वेगळा, धाकट्या पातीचा वेगळा. दरबार दोन, शिबंदी दोन, न्यायकचेऱ्या दोन, खजिनेही दोन. बाजारातून चालणारा माणूस एका राजाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत केव्हा गेला, हे त्याचे त्याला कळत नसे. दोन्ही राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी होती, आणि दोघांचा मुलूख एकत्र मोजला तरी तो नऊशे चौरस मैलांच्या आतच होता. महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याहून फारसा मोठा नाही असा हा प्रदेश दोन सिंहासनांचा भार वाहत होता.

हा प्रकार घडला तो भावाभावांच्या समजुतीतून. पहिल्या बाजीरावाच्या काळी मराठी फौजा माळव्यात उतरल्या, तेव्हा पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोघा बंधूंच्या वाट्याला १७२८ च्या सुमारास देवासचा मुलूख आला. त्यांनी तो सामायिक ठेवला, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे गावोगाव वाटून घेतला. याच पवार कुळाच्या दुसऱ्या शाखेकडे धार आली. धार म्हणजे भोजराजाची नगरी. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यात झाला, ही गोष्ट पुण्याच्या वाचकांना ठाऊक असेल. मराठ्यांची सत्ता ढळल्यावर १८१८ च्या डिसेंबरात देवासच्या दोन्ही राजांनी आणि १८१९ च्या जानेवारीत धारच्या राजाने इंग्रजांशी तह केले. देवासच्या तहात एक मौजेचे कलम होते. दोन्ही राजांनी एकविचाराने वागावे आणि एकाच कारभाऱ्यामार्फत व्यवहार करावा, असे त्यात म्हटले होते. इंग्रज हा हिशेबी माणूस. एका गावात दोघांशी बोलणी करण्याचा त्रास त्याला नको होता. पण कलम कागदावर राहिले आणि दोन्ही घरे आपापल्या वाटेने गेली.

या दोन राजांच्या राज्यात रयतेला दाद मागण्याची दोन ठिकाणे मिळाली, असे मात्र झाले नाही. थोरल्याच्या रयतेला धाकट्याकडे जाता येत नव्हते, आणि आपल्या राजाने सारा कोठे खर्च केला हे विचारण्याची सोय दोहोंकडे सारखीच नव्हती.

राज्य दोघांत वाटून घेण्याचा प्रयोग माळव्यातच झाला असे नाही. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या लहानशा देशात एकोणिसाव्या शतकात दोन पक्ष एकमेकांशी सतत लढत होते. एकाचा रंग तांबडा, दुसऱ्याचा पांढरा. १८७२ मध्ये त्यांनी तह केला तो असा की, तेरा प्रांतांपैकी चार प्रांतांचा कारभार पांढऱ्यांकडे राहावा. १८९७ मध्ये पुन्हा बंड झाले आणि एकोणीस प्रांतांपैकी सहा त्यांच्याकडे गेले. एका देशात जणू दोन सरकारे नांदू लागली. १९०४ च्या यादवीत पांढऱ्यांचा सेनानी साराव्हिया पडला, तेव्हा ही वाटणी मोडली, आणि बात्ये या राष्ट्राध्यक्षाच्या पुढाकाराने तेथे नव्या राज्यव्यवस्थेची बांधणी सुरू झाली. १९१९ मध्ये अमलात आलेल्या घटनेने गुप्त मतदान आणले. त्याच घटनेने कार्यकारी सत्ता एका माणसाच्या हाती न ठेवता अध्यक्ष आणि एक मंडळ यांच्यात विभागली. १९५२ ते १९६७ या काळात तर तेथे राष्ट्राध्यक्षच नव्हता. नऊ जणांचे मंडळ राज्य करीत होते. वाटणीची सवय त्या देशाच्या हाडीमाशी इतकी खिळली होती! मात्र आता वाटणी पाहण्याचा आणि मोडण्याचा अधिकार मतदाराकडे आला होता. १९७३ मध्ये लष्कराच्या बळावर तेथे हुकूमशाही आली आणि १९८५ मध्ये लोकशाही परतली. परतली तीही मतपेटीच्या वाटेनेच. देवासच्या वाटणीत मतपेटी नव्हती. तेथे वाटणी झाली ती वारसांची, आणि वारसाला कोणी निवडून देत नाही.

धारची कथा थोडी निराळी आहे. १८५७ मध्ये तेथे आनंदराव हा तेरा वर्षांचा मुलगा गादीवर आला. त्या पावसाळ्यात संस्थानातील अरब-अफगाण शिबंदीने उठाव करून किल्ला बळकावला. ऑक्टोबरात इंग्रज फौजेने वेढा दिला आणि महिनाअखेर किल्ला पडला. शिक्षा झाली ती अल्पवयीन राजाला: संस्थान खालसा करण्यात आले. त्यानंतर जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. लंडनमध्ये या अन्यायाविरुद्ध आवाज उठला, कॉमन्स सभेपर्यंत प्रकरण गेले, आणि १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून राज्य परत करण्याचे ठरले. वगळलेला परगणा भोपाळच्या बेगमेला देण्यात आला. पूर्ण अधिकार मात्र लगेच मिळाले नाहीत. तेव्हा जॉन डिकिन्सन या सुधारणावादी इंग्रजाने १८६४ मध्ये 'धार परत दिलेले नाही' अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिकाच छापली. एका दूरच्या संस्थानिकाची कैफियत लंडनच्या लोकसभेत मांडली जात होती, सरकारला जाब विचारला जात होता. तो जाब विचारण्याचा अधिकार धारच्या पेठेतील वाण्याला, बदनावरच्या कुणब्याला किंवा मांडूच्या डोंगरातल्या भिल्लाला आपल्या राजाबाबत मिळावा, हे मात्र त्या सद्गृहस्थांच्याही मनात आले नव्हते.

संस्थानी राज्यव्यवस्थेचे मर्म येथे आहे. राजा कोणालाच जबाबदार नव्हता असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो जबाबदार होता, पण वरच्या दिशेने. इंदूरच्या रेसिडेन्सीत बसलेला गव्हर्नर-जनरलचा एजंट त्याच्याकडे हिशेब मागू शकत असे. अज्ञान राजावर कौन्सिल बसविणे, कर्जबाजारी राजावर देखरेख लादणे, दिवाण सुचविणे हे सर्व त्याच्या हाती होते. १९२६ मध्ये धारचे उदाजीराव निवर्तल्यावर दत्तक आनंदराव अज्ञान होते, तेव्हाही कारभार असाच चालला. कारभार वाईट होता असे नाही. पुष्कळदा तो चांगलाच असे. पण तो चांगला आहे की वाईट हे ठरविणारा माणूस इंदुरात इंग्रजी कागद वाचत बसलेला असे.

या व्यवस्थेत एखादा भला माणूस कसा बुडतो, हे देवासच्या थोरल्या पातीने दाखवून दिले. तिसरे तुकोजीराव पवार हे १८८८ साली जन्मलेले, बुद्धिमान, विनोदी आणि मनापासून भक्त राजे होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे ते जावई. माल्कम डार्लिंग हा इंग्रज अधिकारी त्यांचा शिक्षक आणि पुढे आयुष्यभराचा स्नेही. याच स्नेहाच्या धाग्याने कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर प्रथम १९१२ च्या अखेरीस देवासला आला आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. 'अ पॅसेज टू इंडिया' या त्याच्या १९२४ च्या कादंबरीतील गोकुळाष्टमीचा उत्सव देवासचा आहे. आपली पत्रे त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध केली.

ती पत्रे प्रेमाने लिहिलेली आहेत, आणि म्हणूनच त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते. नवा राजवाडा वर्षानुवर्षे बांधला जात आहे आणि पुरा होण्याआधीच पडत आहे. खोल्यांत महागड्या वस्तू आणि पियानो वापरावाचून बिघडत पडले आहेत. उत्सवाला हात आखडता घेण्याची भाषा कोणी काढीत नाही. या चित्रात दुष्टपणा कोठेच नाही. महाराजांनी रयतेला छळले असा आरोप त्यांच्या टीकाकारांनाही जड गेला असता. कमतरता एकाच गोष्टीची होती: पैसे संपत आले आहेत हे महाराजांना तोंडावर सांगण्याचे ज्याचे काम आहे, असा माणूस राज्यात नव्हता. दरबारी सांगणार नाहीत, कारण त्यांची भाकरी तेथेच होती. चिटणीस परका होता आणि स्नेही होता. रयतेला तर विचारण्याचाच हक्क नव्हता.

१९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंह वडिलांपासून दुरावून राज्याबाहेर निघून गेले आणि घरातला कलह चव्हाट्यावर आला. वर्तमानपत्रांनी तो चघळला. संस्थानावरचे कर्ज वाढत गेले आणि हिंदुस्थान सरकारने चौकशीचा धाक घातला. तेव्हा १९३३ च्या अखेरीस तुकोजीराव दक्षिणेकडे तीर्थयात्रेला म्हणून निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. पुन्हा ते देवासला आले नाहीत. १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. इंग्रजांच्या हातून सुटण्यासाठी एक हिंदू राजा फ्रेंचांच्या आश्रयाला गेला, एवढीच गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. थोरल्या पातीच्या शेतकऱ्याने भरलेला सारा कोठे गेला, ही गोष्ट कोणी मांडली नाही. तिला मांडण्याची जागाच नव्हती.

मात्र संस्थानांबाहेर वारे बदलत होते. १९२७ मध्ये मुंबईस अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानांतील लढा तेथील प्रजेनेच आपल्या संघटनांमार्फत चालवावा असे ठरविले, आणि त्यानंतर ठिकठिकाणच्या प्रजामंडळांना जोर चढला. १९३९ मध्ये लुधियानास भरलेल्या प्रजा परिषदेचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. माळव्यातही प्रजामंडळे उभी राहिली. त्यांची मागणी तीन शब्दांची होती: जबाबदार राज्यपद्धती द्या. सभा लहान असत. वकील, शिक्षक, दुकानदार आणि खादी घातलेली तरुण मुले एवढाच त्यांचा परिवार; पण सरकारी हिशेब आणि वेठबिगार या दोन गोष्टींचा उच्चार भर सभेत होऊ लागला, हेच मोठे स्थित्यंतर होते.

हे राजांच्या आवाक्याबाहेरचे होते असे कोणी म्हणू नये. सातारच्या बाजूला औंध हे बहात्तर गावांचे मराठी संस्थान होते. तेथील बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींचा सल्ला घेऊन १९३९ च्या जानेवारीत स्वराज्याची घटना जाहीर केली, सत्ता ग्रामपंचायतींपासून वर बांधीत नेली आणि स्वतःच्या खासगी खर्चालाही मर्यादा घालून घेतली. औंध देवासहून लहान, धारहून तर फारच लहान. एका राजाने मनावर घेतले तर काय होऊ शकते याचा तो दाखला होता. आणि राजाच्या मनावर किती अवलंबून होते याचाही.

देवासच्या गादीवर विक्रमसिंह आले. दुसऱ्या महायुद्धात ते आघाडीवर गेले, आणि १९४७ च्या मार्चमध्ये दैवाने त्यांना कोल्हापूरला नेले. तेथे ते दत्तक जाऊन छत्रपती शहाजी महाराज झाले. देवासची गादी त्यांचे पुत्र कृष्णाजीराव यांच्याकडे आली. पुढच्या दोन वर्षांत दोन्ही राज्ये गेली: देवास १९४८ मध्ये मध्य भारतात, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात. एकाच घरातील पितापुत्रांनी वर्षाच्या आत नर्मदेच्या दोन्ही बाजूंस आपापले राजचिन्ह उतरवून ठेवले.

एप्रिल १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहान संस्थाने यांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या. २८ मे रोजी ग्वाल्हेरास पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघराज्याचे उद्घाटन झाले. शिंदे राजप्रमुख झाले. पंचवीस संस्थाने एक झाली, आणि देवासच्या बाजारातील ती अदृश्य सरहद्द पुसली गेली. धार आणि देवास हे नव्या राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी दोन जिल्हे बनले. नव्या देवास जिल्ह्यात पूर्वीच्या शिंदेशाहीचा आणि होळकरशाहीचा मुलूखही आला. सोनकच्छचा कुणबी आणि कन्नोदचा कुणबी प्रथमच एका कलेक्टरच्या दारात उभे राहिले.

पण राजा गेला म्हणजे लगेच लोक आले असे होत नाही. पहिली चार वर्षे विधानसभा अप्रत्यक्ष निवडीची होती. मंत्रिमंडळे भराभर बदलली. लीलाधर जोशी, गोपीकृष्ण विजयवर्गीय आणि तख्तमल जैन असे तीन प्रमुख पहिल्या निवडणुकीपूर्वीच होऊन गेले. ग्वाल्हेर आणि इंदूर यांची चढाओढ राजधानीपर्यंत पोचली आणि अखेर हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी तोड निघाली. वाटणीची जुनी खोड येथेही दिसते. या धुमश्चक्रीतही पायाचे काम मात्र झाले. १९५१ च्या कायद्यांनी जमीनदारी आणि जहागिरी संपविल्या. शेतकरी आणि सरकार यांच्यामधला ठाकूर कायद्याने बाजूला झाला. दिल्लीच्या घटना समितीत मध्य भारताच्या वतीने बसलेल्यांत इंदूरचे विनायक सीताराम सरवटे हे मराठी गृहस्थ होते.

मग १९५१-५२ ची निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षर न ओळखणाऱ्या माणसानेही चिठ्ठी योग्य पेटीत टाकावी अशी योजना. मतदारयाद्या करताना एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. पुष्कळ बायका आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगत. निवडणूक आयोगाने अशी नोंद चालणार नाही असे ठरविले. देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे गळली, आणि ज्या प्रांतांत हे फार घडले त्यांत मध्य भारत होता. आयोगाचा आग्रह योग्यच होता. तरीही देवासच्या किंवा धारच्या एखाद्या खेड्यातील बाई सिंहासन हटल्यावरही नावाच्या उंबरठ्याशीच अडली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुढच्या निवडणुकीत हा आकडा पुष्कळ उतरला.

मध्य भारताच्या ९९ जणांच्या विधानसभेत काँग्रेसला ७५ जागा मिळाल्या. हिंदुमहासभेला ११ मिळाल्या, आणि त्यातला एक धडा मराठी मंडळींसाठी होता. हिंदुमहासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे हे लोकसभेसाठी ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही ठिकाणांहून निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडल्यावर पोटनिवडणुकीत मध्य प्रांताचे एके काळचे मुख्यमंत्री ना. भा. खरे तेथून निवडून आले. मराठी माणूस येथे मराठी मतांवर निवडून येणे शक्यच नव्हते. तेवढी मते नव्हतीच. पवारांबरोबर दक्षिणेतून आलेली घराणी धार-देवासात दोनशे वर्षे फडणिशी, कारकुनी, शिलेदारी आणि शिक्षकी करीत आली. दरबाराची भाषा त्यांची, पण शेताची भाषा माळवी आणि डोंगराची भिल्ली. राजाच्या दारी शंभर घरांचे जे वजन होते, ते मतपेटीपाशी शंभर घरांइतकेच उरले. काहींना ही अवनती वाटली. वस्तुतः मराठीची अवनती झाली नव्हती, दरबाराची झाली होती, आणि दोन्ही गोष्टी एकच समजण्याची सवय जुनी होती. ज्या १९४८ च्या प्रारंभी दोन्ही राज्ये शेवटच्या घटका मोजीत होती, त्याच सुमारास क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले. पुढे टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकून जे गाणे उभे केले, त्याला दरबारचा आश्रय लागला नाही.

धारमध्ये मतपेटीने आणखी खोलवर पालट केला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची भरली. धारची लोकसभेची जागा १९६७ पासून या जमातींसाठी राखीव आहे. ज्या भिल्लाची संस्थानी दप्तरात प्रामुख्याने बंदोबस्ताचा विषय म्हणून नोंद होत असे, त्याच्याकडे मत मागण्यासाठी सगळ्या पक्षांचे लोक डोंगर चढू लागले. मागणे आणि देणे यांत अंतर पुष्कळ राहिले हे खरे. पण मागणारा कोण आणि ज्याच्याकडे मागायचे तो कोण, याची अदलाबदल झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला आणि राजप्रमुखपदही संपले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने बंद झाले. ज्या देवासचा खजिना एके काळी रिता पडला होता, तेथेच भारत सरकारने सत्तरच्या दशकात नोटा छापण्याचा कारखाना उभारला.

राजघराणे राजकारणातून गेले मात्र नाही. १९९० मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांचे पणतू, त्यांचेच नाव धारण करणारे तुकोजीराव पवार, भारतीय जनता पक्षाच्या वतीने देवासच्या विधानसभा-जागेसाठी उभे राहिले आणि निवडून आले. २०१३ पर्यंतच्या सलग सहा निवडणुका त्यांनी जिंकल्या, मंत्रीही झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. घराण्याचे नाव मते मिळवून देते याचा कोणाला विषाद वाटेल, कोणाला कौतुक. निवडणुकीचा कायदा मात्र नाव पाहत नाही. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो, आणि ठरलेली फी भरून त्या हिशेबाची नक्कल देवासातील कोणालाही मागता येते.